नव्याने आणलेल्या डुकरांचे जंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डुकरं टेम्पोतून उतरली की पहिला फोन येतो तो "जंताचं कुठलं औषध देऊ?" असा. औषधाचं नाव सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण डुकरं उतरवली कुठे आणि औषध दिल्यावर ठेवणार कुठे, हे कुणी विचारत नाही. खरी गडबड तिथेच होते, म्हणून खाली औषधाइतकंच जागेबद्दलही लिहिलं आहे.

पिल्लं आजच आणली. आजच डोस द्यायचा का?

नको. प्रवासाने दमलेलं, बिथरलेलं पिल्लू आधी सावलीत आणि कोरड्या जागी स्थिरावू द्या. पहिल्या दिवशी स्वच्छ, साधं पाणी थोडं थोडं द्या आणि खाणं नेहमीपेक्षा कमी ठेवा. पाण्यात मीठ कालवायचा उत्साह नको. बराच वेळ तहानलेल्या डुकराला मीठ बाधतं, झटके येऊन मरूही शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लं नीट खायला लागली की जंतनाशक द्या.

विकणाऱ्याने सांगितलंय की डोस झालेला आहे. मग परत कशाला?

त्याला तीन गोष्टी विचारा: कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती वजनाला किती. तिन्हींची उत्तरं मिळाली आणि डोस गेल्या दोन आठवड्यांतला असेल तर तीन आठवडे थांबा, विष्ठा तपासा, मग ठरवा. "दिलाय हो, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं तर डोस झालेला नाही असं समजा. आयव्हरमेक्टिन किंवा फेनबेन्डाझोल ही जंतनाशकं योग्य मात्रेत पुन्हा गेली तर सहसा त्रास होत नाही. लेव्हामिसोल या जंतनाशकाचं तसं नाही. त्याची मात्रा जरा जास्त झाली तरी डुक्कर लाळ गाळतं, ओकतं, थरथरतं. आधी लेव्हामिसोल दिल्याचा संशय असेल तर पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जंत आहेत हे बघून कळतं का?

कधी कळतं, बऱ्याचदा नाही. केस राठ आणि उभे, पोट सुटलेलं पण पाठीचा कणा दिसतोय, खातंय तेवढंच पण वाढत नाही, असं पिल्लू दिसलं तर मोठ्या गोलकृमीचा संशय घ्या. हा जंत पांढरट गुलाबी असतो आणि त्याची मादी 40 सेंटीमीटरपर्यंत लांब होते. त्याच्या अळ्या आतड्यातून यकृतात, यकृतातून फुप्फुसात जातात आणि खोकल्याबरोबर घशात येऊन परत पोटात उतरतात. म्हणून जंत झालेलं पिल्लू खोकतं. लोक त्याला सर्दीचं औषध देत बसतात.

शेंबडासारखी, रक्त मिसळलेली हगवण असेल तर चाबूककृमी असू शकतात. अगदी दूधपित्या पिल्लांची हगवण धागाकृमीमुळेही होते, ते आईच्या दुधातून येतात. आणि पावसाळ्यात चिखलात उकरणारी डुकरं खोकायला लागली तर फुप्फुसातले जंत आठवा. त्यांच्या अळ्या गांडुळात वाढतात, डुक्कर गांडूळ खातं आणि जंत फुप्फुसात पोचतात. सिमेंटच्या फरशीवरच्या डुकरांत हे जंत जवळजवळ सापडत नाहीत.

विष्ठेत जंत दिसत नाहीत. म्हणजे नाहीतच ना?

असं नाही. चाबूककृमी चार-पाच सेंटीमीटरचा, केसासारखा बारीक. आतड्यात गाठी करणारे जंत एक-दोन सेंटीमीटरचे. विष्ठेत ते डोळ्याला दिसत नाहीत. दिसतात ती अंडी, तीही सूक्ष्मदर्शकाखालीच.

नमुना घ्यायची पद्धत सोपी आहे. सकाळी ताजी पडलेली विष्ठा, जमिनीला टेकलेला भाग सोडून वरून चमचाभर घ्या. चार-पाच डुकरांचे नमुने वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. डबीवर डुकराची खूण लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासणी होते. पुण्याजवळच्यांना औंधचा रोग अन्वेषण विभाग आणि मुंबईकडच्यांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. 1962 या टोल-फ्री क्रमांकावरही विचारता येतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोठ्या गोलकृमीला पोटात गेल्यापासून अंडी घालायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी तपासणी स्वच्छ आली तरी पिल्लू स्वच्छ आहे असं नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाचा रिपोर्ट "निगेटिव्ह" आला म्हणून डोस टाळू नका.

मग औषध कोणतं?

दुकानदार आधी विचारतो, "गाईला का बकरीला?" डुकराला म्हटलं की समोरची कुठलीही बाटली देतो. तेव्हा काय मागायचं हे आधी ठरवून जा.

आयव्हरमेक्टिन 1 टक्का इंजेक्शन नव्या डुकरांसाठी बहुतेक वेळा पहिली पसंती असते, कारण गोलकृमीबरोबर खरजेचे किडे आणि उवाही मरतात. नव्या डुकराच्या अंगावर खरूज बऱ्याचदा येते. कानाच्या आत खपल्या दिसतात, भिंतीला घासतं. पण चाबूककृमीवर त्याचा भरवसा नाही.

फेनबेन्डाझोल तोंडातून द्यायचं. एकदाच द्यायचं असेल तर किलोला 5 मिलिग्रॅम. चाबूककृमीचा संशय असेल तर किलोला 3 मिलिग्रॅम असं सलग तीन दिवस द्या, ते जास्त चांगलं काम करतं. 33 किलोची दहा डुकरं धरली तर दिवसाला साधारण 1 ग्रॅम औषध, म्हणजे 25 टक्के पावडर 4 ग्रॅम. गाईची 1.5 ग्रॅमची गोळी आणून नखाने तुकडे पाडणारे लोक आहेत. ती गोळी 300 किलोच्या जनावरासाठी असते. तुकड्यातला निम्मा भुगा हातात राहतो आणि कुणाला किती गेलं याचा पत्ता लागत नाही. पावडर घ्या.

अल्बेन्डाझोल चालतं, पण गाभण मादीला सुरुवातीच्या दिवसांत नको. पिपेराझिन स्वस्त मिळतं आणि मोठे गोलकृमी बाहेर काढतं. चाबूककृमीवर, फुप्फुसातल्या जंतांवर आणि फिरत्या अळ्यांवर त्याचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर: अंगाला खाज असेल तर आधी आयव्हरमेक्टिन आणि तीन-चार आठवड्यांनी फेनबेन्डाझोल तीन दिवस. खाज नसेल तर दोन्ही वेळा फेनबेन्डाझोल. अंतिम निवड तुमच्या पशुवैद्यकांची. डुकरं त्यांनी पाहिली आहेत, मी नाही.

वजनकाटा नाही. अंदाजाने दिलं तर?

अंदाज जवळपास नेहमी कमीच निघतो. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शिंप्याची मोजपट्टी आणा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा. दोन कानांच्या मधल्या बिंदूपासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीवरून लांबी मोजा. दोन्ही मापं मीटरमध्ये धरून घेर गुणिले घेर गुणिले लांबी करा आणि येणाऱ्या आकड्याला 69 ने गुणा.

घेर 72 सेंटीमीटर, लांबी 90 सेंटीमीटर असेल तर 0.72 × 0.72 × 0.90 = 0.467. त्याला 69 ने गुणलं की 32 किलो. खाण्याच्या वेळेला, डुक्कर गव्हाणीत तोंड घालून उभं असताना मोजा. पळणाऱ्याला मोजता येत नाही. कळपात सगळ्यांना एकच मात्रा द्यायची असेल तर सर्वात जड डुकराच्या वजनाने ठरवा. सरासरी धरलीत तर मोठ्यांना कमी पडतं.

इंजेक्शन कुठे आणि किती द्यायचं?

आयव्हरमेक्टिन 1 टक्क्याची डुकराची मात्रा 33 किलोला 1 मिली. गाईची 50 किलोला 1 मिली. इथेच सर्वात जास्त चुका होतात. बाटलीवर गाईचं लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे दिलं की डुकराला तिसऱ्या भागाइतकं कमी जातं.

कानामागे मानेची सैल कातडी चिमटीत धरून सुई कातडीखाली घाला, मांसात नाही. 10 किलोच्या पिल्लाला फक्त 0.3 मिली लागतं. त्यासाठी 1 मिलीची सिरिंज घ्या, 5 मिलीच्या सिरिंजवर 0.3 ची रेघ शोधू नका. कळपासाठी बाटलीत एक स्वच्छ सुई कायम अडकवून ठेवा आणि डुकरांना टोचायच्या सुया वेगळ्या ठेवा.

तोंडातून बाटलीने पाजलं तर चालेल?

टाळा. डुक्कर पकडलं की ते किंचाळतं. किंचाळताना तोंड उघडं असतं, श्वास आत ओढला जात असतो आणि औषध सरळ श्वासनळीत जातं. त्यापेक्षा रात्रीचं खाणं थोडं कमी ठेवा आणि सकाळी पहिल्या घासात, ओल्या भरड्यात औषध कालवून द्या. दांडगी डुकरं कमजोरांना बाजूला ढकलून त्यांचा वाटा फस्त करतात. म्हणून एका आकाराचे गट करा आणि गव्हाणीत सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी जागा ठेवा.

डोस दिल्यावर जंत केव्हा पडतात? माझ्याकडे काहीच पडलं नाही.

मोठे गोलकृमी पडायचे असतील तर बहुतेक एक ते तीन दिवसांत पडतात. काही पडलं नाही म्हणजे औषध खोटं होतं असं नाही. जंत नसतील, बारीक असतील किंवा विरघळून गेले असतील. उलट एखाद्या बारक्या, खंगलेल्या पिल्लाच्या पोटात जंतांचा गुंता असेल तर मेलेले जंत आतड्यात अडकून पोट फुगू शकतं. खाणं बंद, पोट टणक, पिल्लू कण्हतंय असं दिसलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा, घरी तेल पाजत बसू नका.

दुसरा डोस लागतोच का?

नवीन डुकरांना हो. पहिल्या डोसाच्या वेळी काही अळ्या यकृत-फुप्फुसाच्या वाटेवर असतात, त्या सगळ्या मरत नाहीत. तीन ते चार आठवड्यांनी दुसरा डोस द्या. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन पुन्हा द्यायचं असेल तर ते 14 दिवसांनी, कारण खरजेच्या किड्यांची अंडी त्या पहिल्या डोसात मरत नाहीत.

नवीन डुकरं किती दिवस वेगळी ठेवायची आणि कुठे?

निदान 30 दिवस. जागा जुन्या कळपापासून दूर हवी. तिचं पाणी कळपाच्या दिशेने वाहता कामा नये. तिथला फावडा, बादली आणि गमबूट वेगळे. कामाचा क्रम ठरवा: आधी जुनी डुकरं, मग नवी, उलट नाही. नुसत्या जंतांसाठी नाही. 2020 पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा ताप भारतात आहे आणि त्यावर इलाज नाही. नव्या डुकराने तो आणला तर जंतांचा प्रश्नच उरत नाही.

आता जमिनीबद्दल. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती विष्ठेबरोबर पडतात, पण पडल्या पडल्या लागण करत नाहीत. आत अळी तयार व्हायला आपल्या उबदार हवेत साधारण तीन-चार आठवडे लागतात. याचा अर्थ रोजची विष्ठा रोज उचलली तर ती अंडी घातक व्हायच्या आतच गोठ्याबाहेर जातात. उचलली नाही, चिखलात तुडवली गेली, तर तीच अंडी ओलसर सावलीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणून वेगळ्या जागेची जमीन सिमेंटची, उताराची असली पाहिजे.

डोस दिल्यावर तीन दिवस सगळी विष्ठा उचलून वेगळ्या खड्ड्यात टाका. मग डुकरांच्या अंगाला लागलेली घाण साबणाने ब्रश मारून धुवा आणि त्यांना स्वच्छ, कोरड्या कप्प्यात न्या. अंग न धुता नेलंत तर त्याच पोटाला-पायाला चिकटलेली अंडी नव्या फरशीवर उतरतात. तोच डोस, तोच खर्च, आणि जुन्याच चिखलात परत सोडलं तर पुढच्या दोन महिन्यांत पोटात नवा कळप.

चुना मारला, फिनाईल टाकलं. पुरे ना?

वासाला पुरे. गोलकृमीच्या अंड्याचं कवच जाड आणि चिकट असतं. फिनाईलला, चुन्याच्या हलक्या सड्याला ते दाद देत नाही. काम करतात त्या तीन गोष्टी: घाण खरवडून काढणं, उकळतं पाणी किंवा वाफ, आणि कडक ऊन. खरवडल्याशिवाय वर काहीही ओतलं तरी ते घाणीवर पडतं, अंड्यावर नाही. मे महिन्यात कप्पा रिकामा असेल तर खरवडा, धुवा, छप्पर काढता येत असेल तर काढा आणि आठ दिवस उन्हात तापू द्या.

गाभण मादी विकत घेतली आहे. तिला देऊ का?

फेनबेन्डाझोल आणि आयव्हरमेक्टिन गाभणपणात चालतात. विण्याच्या एक-दोन आठवडे आधी डोस द्या आणि विण्याच्या कप्प्यात नेण्यापूर्वी तिला, विशेषतः तिचे सड आणि पोट, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा. पिल्लू पहिल्यांदा तोंड लावतं ते तिथेच. ताणाने बिचकणाऱ्या मादीला विण्याच्या अगदी जवळ पकडापकडी नको.

गावठी डुकरांना जंत होत नाहीत म्हणतात.

होतात. यॉर्कशायर किंवा लँडरेस या विदेशी जातींपेक्षा ती चिवट असतात, वाईट खाऊनही तग धरतात, एवढंच. गोव्याच्या आगोंदा गोवन जातीचं किंवा आपल्या गावातलं मोकाट डुक्कर घेतलंत तर त्याच्या पोटात जंत जास्त प्रकारचे असण्याची शक्यता धरा, कारण त्याने गांडुळं, शेणकिडे, उकिरडा सगळं खाल्लेलं असतं.

दहा दिवसांच्या पिल्लांना पातळ हगवण आहे. जंताचं औषध देऊ?

त्या वयाची पांढरट-पिवळी पातळ हगवण बहुतेक वेळा जंतांमुळे नसते. कॉक्सिडिया किंवा जिवाणू असू शकतात. कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशी परजीवी आहेत, जंत नाहीत, जंतनाशक त्यांना लागू पडत नाही. पिल्लं झपाट्याने वाळतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर.

वावडिंग, कडुनिंब, पळसबी चालेल का?

वावडिंग आणि पळसबी आपल्याकडे फार पूर्वीपासून जंतांवर दिली जाते. पण 40 किलोच्या डुकराला किती द्यायची, कोणत्या जंतावर किती चालते, याचा भरवशाचा हिशोब माझ्याकडे नाही, आणि नवी डुकरं कळपात सोडायच्या आधी हिशोबच लागतो. द्यायचंच तर औषधाबरोबर द्या, औषधाऐवजी नाही.

हे जंत माणसाला होतात का?

डुकराचा गोलकृमी माणसाला होऊ शकतो. गोठ्यात वावरणाऱ्यांनी आणि मुलांनी हात धुतल्याशिवाय खाऊ नये. पण माणसाला जो खरा धोका आहे तो फीतकृमीचा, आणि त्याचा उलगडा फार कमी लोकांना माहीत असतो.

हा फीतकृमी माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची ती विष्ठा डुकराने खाल्ली की डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ते मांस कच्चं-अर्धवट शिजवून खाल्लं की खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी होतो. आणि त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी घाणेरड्या हातातून, पाण्यातून, भाजीतून कुणाच्याही पोटात गेली की गाठी त्या माणसाच्या मेंदूत होऊ शकतात. फिट येण्याचं ते एक मोठं कारण आहे. म्हणजे डुकराचं मांस आयुष्यात न खाणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

आयव्हरमेक्टिनने मांसातल्या गाठी जात नाहीत. ऑक्सफेन्डाझोलचा किलोला 30 मिलिग्रॅमचा एकच डोस त्या मारतो, पण तो पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच, आणि मेलेल्या गाठींना मांसातून नाहीसं व्हायला वेळ लागतो. लसही निघाली आहे, हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ती बाजारात आणली. विकत घेताना जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूला बोट फिरवून पाहायची जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. टणक दाणे लागले तर डुक्कर घेऊ नका. दाणे लागले नाहीत म्हणून मात्र गाठी नाहीतच, अशी खात्री मिळत नाही. आणि कामगारांसाठी शौचालय बांधा. गोठ्याच्या मागे झुडपात जाणारा एक माणूस पुरतो.

यकृतावर पांढरे ठिपके निघाले. मांस फेकायचं का?

ते गोलकृमीच्या अळ्यांनी केलेले व्रण आहेत. ठिपक्यांचा भाग कसाई काढून टाकतो, बाकी मांसाला बाध येत नाही. सोरपोतेलसाठी (डुकराच्या मांस-काळजाचा गोव्याकडचा पदार्थ) काळीज मागणारं गिऱ्हाईक मात्र परत येत नाही. तीन-चार डुकरांचं काळीज ठिपकेदार निघालं तर गोठ्याच्या जमिनीत अंडी साठली आहेत, असं समजा.

औषधानंतर किती दिवसांनी विकता येतं?

लेबलवर लिहिलेले दिवस पाळा. लेबलवर डुकराचा उल्लेखच नसेल तर आयव्हरमेक्टिननंतर 28 दिवस तरी कत्तलीला देऊ नका. डोसची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने नको, वहीत लिहा.

पुढे वर्षभर कसं?

पिल्लांना दूध तोडताना, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला एक डोस, आणि मग दोन महिन्यांनी दुसरा. माद्यांना प्रत्येक वेताआधी. नराला वर्षातून दोनदा. पावसाळ्यानंतर एकदा विष्ठा तपासून घ्या आणि त्यावरून औषध बदलायचं का ते ठरवा. दोन वेळा डोस देऊनही अंडी दिसत असतील तर वजन पुन्हा मोजा, मात्रा पुन्हा तपासा. औषध बदलायची वेळ त्यानंतर येते.

लस आणि जंतनाशक एकाच दिवशी?

डुकरांच्या तापाची (क्लासिकल स्वाइन फीव्हरची, वरच्या आफ्रिकन तापाची नव्हे) लस द्यायच्या साधारण आठवडाभर आधी जंतनाशक उरका. लस आजारी किंवा खंगलेल्या डुकराला नको. नव्या कळपात आधी जंत, मग लस, आणि मग जुन्या डुकरांबरोबर सोडणं.